अंतर आणि चढाई एवढ्यावर मार्ग कळत नाही: ग्रॅव्हल मार्ग आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
डोंगराळ आणि जंगली भागांतले ग्रॅव्हल मार्ग, म्हणजे सायकलने जायचे कच्चे, खडीचे मार्ग, आखून ते सर्वांसाठी प्रसिद्ध करणारे क्लब, आयोजक आणि हौशी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

नकाशासमोर तासन्‌तास बसून तुम्ही एकेक कच्ची वाट दुसरीला जोडता, मार्गाची जीपीएस फाइल तयार करता आणि कोणाकडून काही न घेता ती सगळ्यांसाठी खुली ठेवता. रहदारीला कंटाळलेले कितीतरी सायकलस्वार आज रानवाटांवर दिसतात, त्यात तुमचा वाटा मोठा आहे. म्हणूनच ही विनंती तुम्हालाच करायची आहे: मार्ग प्रसिद्ध करताना तो तुकड्यातुकड्याने सांगा, आणि ज्या दिशेने लोक जाणार त्याच दिशेने स्वतः चालवून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करू नका.

बहुतेक मार्गांखाली दोनच आकडे असतात. ६२ किलोमीटर, १,४५० मीटर चढाई. दोन्ही आकडे अचूक असले तरी त्यांवरून कोणता टायर लावायचा, गिअर पुरेल का, पाणी किती घ्यायचं आणि उजेड असेपर्यंत जंगलाबाहेर पडता येईल का, यातलं काहीच ठरवता येत नाही. डांबरी रस्त्यावर हे दोन आकडे बऱ्यापैकी चालून जातात, कारण तिथे पृष्ठभाग एकसारखा असतो आणि रस्ता गाड्यांसाठी बांधलेला असल्याने चढ सहसा बेतात ठेवलेला असतो. जंगलातल्या वाटेला यातलं कोणतंच बंधन नसतं.

आधी चढाचं बोलू. ४ किलोमीटरमध्ये २०० मीटर चढ म्हणजे सरासरी ५ टक्के, ऐकायला अगदी सोपा. पण त्यातले पहिले ३ किलोमीटर ओढ्याकाठाने १ टक्क्याने जात असतील, तर उरलेल्या एका किलोमीटरमध्ये १७० मीटर चढायचे राहतात, म्हणजे १७ टक्के. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरा. पुढे पेडलजवळ ४० दात्यांची चेनरिंग, मागे कॅसेटचं (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचं) सर्वांत मोठं चक्र ४२ दात्यांचं, टायर ७०० बाय ४०, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद, आणि पेडलचे फेरे मिनिटाला ६०. या हिशेबाने वेग ताशी साडेसात किलोमीटर पडतो आणि तो किलोमीटर चढायला सुमारे ३२० वॅट लागतात, सलग आठ मिनिटं. सराव असलेल्या स्पर्धकाला हे जमेल. बाकीच्यांचे फेरे ४० पर्यंत घसरतात, गुडघ्यांवर ताण येतो आणि शेवटी उतरून सायकल ढकलावी लागते. तोच चढ पुढे ३२ आणि मागे ५० दात्यांच्या गिअरवर त्याच फेऱ्यांनी चढला तर सुमारे २१५ वॅट पुरतात, वेळ बारा मिनिटं. म्हणजे हा मार्ग कोणाला झेपेल हे त्या एका किलोमीटरवर ठरतं, आणि वर्णनात त्याचा उल्लेखही नसतो. प्रत्येक मोठ्या चढाचा सर्वांत तीव्र अर्धा किलोमीटर वेगळा काढून त्याची टक्केवारी लिहा. सरासरी लिहिली नाही तरी चालेल.

त्या टक्केवारीशेजारी तिथला पृष्ठभागही हवा. डांबरावर १५ टक्के म्हणजे पायांची परीक्षा असते. सुट्या खडीवर १५ टक्क्यांना पाय शिल्लक असूनही चाक हरतं. पेडलवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन पुढे सरकतं आणि मागचा टायर जागच्या जागी फिरतो. सीटवर मागे रेलून बसलं की पकड मिळते, पण पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. सीटच्या टोकावर सरकून, कोपर खाली घेऊन या दोन्हींमधला तोल सांभाळावा लागतो. एकदा थांबलं की त्या उतारावर पुन्हा बसून निघणं जवळपास अशक्य. आमच्या मते सुट्या खडीचा चढ १२ टक्क्यांच्या पुढे गेला की तो ‘ढकलण्याचा टप्पा’ म्हणूनच लिहावा. ज्याला चढता येईल तो चढेलच.

चढाईचा एकूण आकडाही तपासून घ्या. मार्ग आखायच्या बहुतेक साधनांमध्ये उंची उपग्रह किंवा अवकाशयानातून केलेल्या मोजणीवरून येते. फेब्रुवारी २००० मधल्या एसआरटीएम या, अवकाशयानातल्या रडारने जमिनीची उंची मोजणाऱ्या मोहिमेची माहिती आजही खूप ठिकाणी वापरली जाते. तिच्या जाळीतला एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा, आणि गर्द झाडीत रडारला जमिनीऐवजी झाडांच्या वरच्या थराच्या आसपासची उंची मिळते. आता डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी, जवळपास सपाट वाट डोळ्यांसमोर आणा. डोंगराचा उतार ६० टक्के असेल आणि नकाशावरची रेघ खऱ्या वाटेपासून १० मीटर बाजूला असेल, तर उंचीत थेट ६ मीटरची चूक होते. ही चूक दर वळणाला कधी वर, कधी खाली होते आणि प्रत्येक खोटी उसळी चढाईत मिळवली जाते. उलट छोट्या छोट्या चढउतारांच्या वाटेवर साधनं आकडे गुळगुळीत करतात आणि चढाई कमी दाखवतात. त्यामुळे प्रत्यक्ष चालवताना वायुदाबावरून उंची मोजणाऱ्या सायकल कॉम्प्युटरने (हँडलवर लावायच्या, मार्ग आणि वेग दाखवणाऱ्या यंत्राने) नोंदवलेला आकडा जास्त भरवशाचा. तोही हवामानासोबत सरकतो: दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की उंचीत सुमारे ८ मीटरचा फरक पडतो. मार्ग वर्तुळाकार असेल तर सुरुवातीची आणि शेवटची उंची जुळते का हे पाहिलं की किती घोळ झालाय ते लगेच कळतं.

आता आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट, दिशा. एकच वर्तुळ उजवीकडून आणि डावीकडून चालवलं तर ते दोन वेगळे मार्ग असतात. फाइल उलटी करायला एक बटण पुरतं आणि म्हणून ‘दोन्ही दिशांनी चालेल’ असं बिनधास्त लिहिलं जातं. डोंगराच्या एका अंगाला लाकूड वाहतुकीसाठी बांधलेला ६-७ टक्क्यांचा, दबाई केलेला रस्ता असतो आणि दुसऱ्या अंगाला सोंडेवरून सरळ खाली कोसळणारी दगडगोट्यांची वाट. रस्त्याने चढून वाटेने उतरायचं म्हटलं तर रुंद टायर आणि उताराचा सराव हवा. वाटेने चढायचं म्हटलं तर सायकल तासभर खांद्यावर. दोन्हींतलं काय बरं हे मार्ग कोणासाठी आहे त्यावर ठरेल. पण ठरवायचं तुम्ही, आणि ते लिहायचंही तुम्हीच. नवख्यांसाठीच्या मार्गात अशी वाट मुळात घेऊच नये. रस्त्यानेच चढावं आणि रस्त्यानेच उतरावं, वर्तुळ मोडलं तरी हरकत नाही.

उताराचं गणित चढापेक्षा कठोर आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. सुट्या खडीवर वापरता येणारी पकड (घर्षणाचा गुणांक) ०.३५ धरली तर सपाटीला ब्रेक लावल्यापासून थांबायला सुमारे १५ मीटर लागतात. १२ टक्के उतारावर तेच २२ मीटर होतात. समोरचं दिसून ब्रेकवर बोटं आवळेपर्यंतचा एक सेकंद धरला की आणखी १० मीटर, एकूण ३२. जंगलातल्या वळणावर पुढचं इतक्या लांबचं क्वचितच दिसतं. त्यात जंगलरस्त्याचं फाटक म्हणजे बहुतेकदा एक आडवा लोखंडी दांडा. तो झाडांच्या सावलीत उभा असतो, आणि उन्हातून सावलीत शिरताना डोळ्यांना जुळवून घ्यायला क्षणभर लागतो. म्हणून उतारावरच्या प्रत्येक फाटकाची, गुरं अडवायच्या जाळीची, साकवाची आणि आंधळ्या वळणाची खूण फाइलमध्ये त्या जागेच्या १०० मीटर अलीकडे टाका. अगदी त्या जागेवर टाकलेली खूण सायकल कॉम्प्युटर वाजवेल तेव्हा उशीर झालेला असतो.

पाणी काढायला रस्त्यावर तिरके टाकलेले ओंडके आणि उघडे चर यांचंही तसंच. कोरड्या दिवशी ते सहज पार होतात. ओल्या दिवशी त्या लाकडावर तिरकं चाक गेलं की ते लाकडाच्याच दिशेने घसरतं. ते काटकोनात, ब्रेक सोडून ओलांडायचे असतात. नवख्या माणसाला हे आधी सांगितलं तरच तो वेग वेळेत कमी करेल.

पृष्ठभागाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यांत जास्त फसगत होते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर कच्च्या वाटांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत दिलेली असते. ग्रेड १ म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला रस्ता आणि ग्रेड ५ म्हणजे मऊ माती, गवत, वाळू. ही प्रत वाट किती घट्ट आहे ते सांगते. किती खडबडीत आहे ते सांगायला वेगळी खूण आहे, आणि ती कितीतरी वाटांना लावलेलीच नसते. त्यामुळे ग्रेड २ ची वाट टणक असूनही मुठीएवढ्या दगडांनी भरलेली असू शकते. त्याच नकाशात पृष्ठभाग ‘ग्रॅव्हल’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ रुळांखाली टाकतात तशी धारदार, फोडलेली खडी असा धरलेला आहे. आपल्याला हवा असतो तो बारीक खडी आणि माती एकत्र दाबून बसवलेला रस्ता, आणि त्याला तिथे ‘कॉम्पॅक्टेड’ म्हणतात. नकाशात खूण लावणाऱ्या प्रत्येकाने हा फरक पाळला असेल असंही नाही. म्हणून नकाशावरची खूण हा नुसता अंदाज समजावा आणि शिक्कामोर्तब प्रत्यक्ष पाहून करावं.

हीटमॅपचंही, म्हणजे लोक कुठून जास्त गेले ते उजळ रेघांनी दाखवणाऱ्या नकाशाचंही, तेच. एखादी वाट नकाशावर उजळलेली दिसली म्हणजे ती ग्रॅव्हल सायकलला चालते असं होत नाही. ती उजळली असेल माउंटन बाइकवाल्यांनी वरून खाली मारलेल्या फेऱ्यांनी, किंवा धावपटूंनी. हीटमॅपवर दिशा दिसत नाही, आणि तिथून जायला परवानगी आहे की नाही हेही दिसत नाही.

घरी बसून नकाशावरून वाट ओळखायची एक बऱ्यापैकी खात्रीची रीत आहे. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहा. वाट त्या रेषांना जवळपास समांतर किंवा तिरकी जात असेल तर पाणी तिच्यावरून आडवं वाहून जातं आणि ती टिकते. वाट रेषांना काटकोनात छेदत असेल तर पावसाचं सगळं पाणी तिच्यातूनच खाली धावतं, बारीक माती धुऊन नेतं आणि मागे सुटे दगड आणि खोल घळ उरते. आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटना, म्हणजे इम्बा, वाटा बांधणाऱ्यांना एक नियम सांगते: वाटेचा चढ त्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. बांधणाऱ्यांसाठीचा हा नियम मार्ग आखणाऱ्यांनाही उपयोगी आहे. डोंगराचा उतार २० टक्के आणि वाटेचा चढ १४ टक्के दिसला, तर तिथे खड्डे आणि सुटे दगड असणारच असं धरून चाला आणि आधी पर्यायी वाट शोधा.

वर्णनात पृष्ठभागाचे चार वर्ग पुरतात असं आमचं मत आहे. दबाई केलेली बारीक खडी: ३५ मिलिमीटर टायर पुरे. अधूनमधून सुटी खडी, खड्डे, उथळ चाकोऱ्या: ४०. दगडगोटे, झाडांच्या मुळ्या, खोल चाकोऱ्या: ४५ आणि ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला. त्यापुढचं सगळं ५० च्या वर, नाहीतर पायी. प्रत्येक वर्ग कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत आहे ते लिहा. ‘मार्गाचा ७० टक्के भाग कच्चा’ या वाक्याचा चालवणाऱ्याला काडीचाही उपयोग नाही. ते कच्चे ७० टक्के सुरुवातीला आहेत की दमल्यानंतर, चढाला आहेत की उताराला, हे कळायला हवं.

दोन गोष्टी या वर्गांत बसत नाहीत, त्या वेगळ्या नोंदवा. एक म्हणजे नव्याने टाकलेली खडी. लाकडाच्या ट्रकांसाठी रस्ता दुरुस्त करताना ४० ते ६० मिलिमीटरची खडी पसरतात आणि ती ट्रकांच्या चाकांखाली बसेपर्यंत सायकलचं पुढचं चाक तिच्यात अक्षरशः पोहतं. दुसरी म्हणजे पन्हाळी पत्र्यासारख्या उठलेल्या आडव्या लाटा. गाड्या जिथे ब्रेक लावतात किंवा जोर करतात, म्हणजे वळणांच्या तोंडाशी आणि चढाच्या पायथ्याशी, त्या जास्त दिसतात. रस्त्याच्या अगदी कडेला त्या सहसा उथळ असतात. पण त्याच कडेला सुटी खडीही साचलेली असते, त्यामुळे कडेने जाताना वळणावर झुकू नये. ‘किलोमीटर १८ ते २१, लाटा, उजव्या कडेने चालवा’ एवढी एक ओळ कितीतरी मनगटं वाचवेल.

हंगाम लिहिल्याशिवाय पृष्ठभागाची माहिती अपुरी आहे. हीच वाट कोरडी असताना ताशी २२ किलोमीटरने जाते आणि चिकणमाती भिजली की पायी चालायला ताशी ३. चिकट चिखल टायरला थरावर थर चढतो, टायर आणि फ्रेम, तसंच टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) यांच्यामधली जागा भरून टाकतो आणि चाक फिरायचं थांबतं. त्याहून वाईट घडतं मागे. चिखल आणि गवत डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चक्रांत अडकतं, चेन पुढे सरकत नाही, स्वार मात्र जोर लावत राहतो, आणि तो सगळा जोर डिरेलरला मागे खेचून हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, मोडतो. कधी डिरेलर थेट आऱ्यांत जातो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरियाला होणाऱ्या अनबाउंड या ग्रॅव्हल सायकल शर्यतीत २०२३ साली सुरुवातीच्या टप्प्यातच असा चिखल लागला. स्पर्धक सायकली खांद्यावर घेऊन चालले आणि कितीतरी जणांचे डिरेलर तिथेच मोडले. टायर आणि फ्रेमच्या मध्ये दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर मोकळे असले तरी असा चिखल ते भरून काढतो. म्हणून सल्ला असा लिहावा: पावसानंतर अमुक दिवस हा टप्पा टाळा, पर्यायी रस्ता अमुक. चाक जड झाल्यासारखं वाटलं की जोर लावू नका. उतरा, गवतातून ढकला, काडीने चिखल काढा.

पानगळीच्या दिवसांत पालापाचोळ्याखाली चाकोऱ्या, दगड आणि ओल्या मुळ्या झाकल्या जातात. वादळानंतर झाडं आडवी पडतात आणि ती हटवायला आठवडे लागू शकतात. झाडीतल्या उत्तर-दक्षिण उतारांचं वाळणंही वेगवेगळं: ज्या अंगाला ऊन कमी, तिथली वाट पाऊस थांबून कितीतरी दिवस झाले तरी ओलीच राहते, साकवांवर शेवाळ धरतं. त्या साकवांवर ब्रेक लावायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, एवढं वर्णनात आलं पाहिजे.

आता स्वतः चालवून तपासण्याबद्दल. प्रसिद्ध करायच्या दिशेने, लोक नेतील तेवढं सामान लादून, न थांबता मिरवायच्या वेगाने नाही तर नोंदी घेत चालवा. प्रत्येक फाट्यावर आणि पृष्ठभाग बदलतो त्या प्रत्येक ठिकाणी एक फोटो घ्या. फोनमध्ये जागेची नोंद सुरू ठेवली की फोटोत जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे घरी आल्यावर तुकडे जुळवणं सोपं होतं. गर्द झाडीत आणि अरुंद दरीत जीपीएसचे संकेत पानांवरून, कड्यांवरून आपटून येतात आणि रेघ इकडेतिकडे भरकटते. म्हणून नोंदवलेली रेघ जशीच्या तशी देऊ नका, नकाशावरच्या वाटेशी ताडून घ्या. त्याच वेळी उलट चूकही टाळा. मार्ग आखायची साधनं रेघ आपणहून जवळच्या रस्त्याला चिकटवतात, आणि दोन वाटा ३० मीटरवर समांतर जात असतील तर भलत्याच वाटेला. वरच्या वाटेऐवजी खालच्या वाटेवर गेलेला माणूस पुढे दोन किलोमीटरवर कड्याखाली उभा असतो.

फाइल लहान करायला बिंदू कमी करतात, तिथेही सांभाळा. सरळ रस्त्यावर १०० मीटरला एक बिंदू पुरतो. नागमोडी घाटात तसं केलं की वळणं कापली जातात आणि रेघ थेट दरीतून जाते. कॉम्प्युटर सतत ‘मार्ग सोडला’ म्हणून ओरडतो आणि मग माणूस त्या सूचनेकडे लक्ष देणंच बंद करतो. खरा फाटा चुकतो तो तेव्हा. प्रसिद्ध करण्याआधी पूर्ण रेघ नकाशा मोठा करून, उपग्रह छायाचित्रावर टाकून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा डोळ्यांखालून घाला. कुठे लांबलचक सरळ रेघ दिसली तर तिथे वाट नसून साधनाने दोन टोकं जोडलेली असण्याची शक्यता फार.

वेळेचा अंदाज देताना स्वतःचा वेग देऊ नका. आम्ही साधा हिशेब वापरतो: दर २० किलोमीटरला एक तास, दर ८०० मीटर चढाईला आणखी एक तास, आणि जे उत्तर येईल त्यात थांब्यांसाठी चौथा हिस्सा मिळवायचा. ६० किलोमीटर आणि १,५०० मीटर चढाई म्हणजे चालवण्याचे सुमारे पाच तास, एकूण सहाच्या पुढे. दगडगोट्यांचा वर्ग जास्त असेल तर त्याहूनही वाढवा. किलोमीटरमागे १० मीटर चढाई असलेला मार्ग सौम्य, २० चा डोंगराळ, २५ च्या पुढचा खडतर, असं ढोबळमानाने धरता येतं. जंगलात आणि दरीत अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर पडतो, म्हणून ‘अमुक वाजेपर्यंत खिंड ओलांडली नसेल तर मागे फिरा’ अशी वेळ लिहावी. बहुतेक लोकांना मागे फिरायला कोणीतरी सांगावं लागतं.

पाण्याच्या जागा लिहिताना तिथे वर्षभर पाणी असतं का ते लिहा. नकाशावरची निळी रेघ म्हणजे पाणी नव्हे. डोंगरातले बरेच ओढे वर्षातले कितीतरी महिने कोरडे असतात. उकाड्यात चढावर ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, तेव्हा दोन खात्रीच्या जागांमध्ये दोन तासांहून जास्त वेळ जात असेल तर तो टप्पा ठळक करून सांगा. ओढ्याचं पाणी गाळून किंवा निर्जंतुक करूनच प्यावं, वर गुरं चरत असतात.

सुटकेची वाट दर १५-२० किलोमीटरला एक हवी आणि ती उताराची हवी. गुडघा दुखावलेल्या किंवा हँगर मोडलेल्या माणसाला आणखी ३०० मीटर चढायला लावणारी वाट सुटकेची नव्हे. ती जिथे संपते तिथे चारचाकी पोचू शकते का, हेही पाहून ठेवा. फोनला शेवटचा सिग्नल कुठे मिळतो आणि पुन्हा कुठून सुरू होतो, या दोन जागा फाइलमध्ये खुणेने दाखवा. मदत मागायची वेळ आली तर वर खिंडीकडे जायचं की खाली गावाकडे, हा निर्णय त्यावर होतो.

सामानाबद्दल थोडक्यातच, कारण ते प्रत्येकाने आपापलं पाहायचं आहे. तरी मार्गाच्या वर्णनात एवढं सुचवावं: ट्यूबलेस असेल तर सीलंट (छिद्र बुजवणारा टायरमधला द्रव) ताजं, ७०० बाय ४० टायरला साधारण ६० मिलिलिटर, छिद्र बुजवायचे प्लग, टायरची बाजू फाटली तर आतून लावायला जाड तुकडा, एक ट्यूब, आपल्याच फ्रेमला बसणारा जादा हँगर आणि तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक. ८५ किलोच्या एकूण वजनाला ४० मिलिमीटर ट्यूबलेस टायरमध्ये हवेचा दाब ३० ते ३५ पीएसआयपासून सुरुवात करावी, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोनतीन जास्त. दगडांवर रिम आपटत असेल तर हवा वाढवायची. मार्गात ओला, वाळूमिश्रित चिखल आणि लांब उतार असतील तर ब्रेक पॅड नवे घालूनच यायला सांगा. असल्या चिखलात रेझिनचे, म्हणजे मऊ प्रकारचे, पॅड एका दिवसातही संपू शकतात.

आणि परवानगी. ही बाब शेवटी आली म्हणून दुय्यम समजू नका. रेघ जोडून घेता आली म्हणजे वाट सर्वांसाठी खुली आहे असं नसतं. खाजगी जमीन, राखीव जंगल, पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद असणारा टप्पा, शिकारीचा हंगाम, झाडतोडीचं काम, या प्रत्येकाचे नियम जागोजागी वेगळे आहेत आणि ते तिथल्या वनखात्याला किंवा जमीनमालकाला विचारूनच कळतात. विचारा, आणि कोणाला केव्हा विचारलं ते वर्णनात लिहा. उत्तर नाही आलं तर तो तुकडा मार्गात घेऊ नका. फाटक जसं सापडलं तसं ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद, हे प्रत्येक मार्गाखाली लिहा. बंद फाटक उघडं राहिलं की गुरं रस्त्यावर येतात आणि पुढच्या वर्षी तिथे कुलूप लागतं. ओंडक्यांच्या रचलेल्या ढिगांवर चढू नये, ते अचानक घसरतात. काम चालू असलेल्या रस्त्यावर ट्रकला नेहमी आधी जाऊ द्यावं, कारण भरलेल्या ट्रकला उतारावर चटकन थांबता येत नाही.

जी वाट नाजूक आहे, म्हणजे मऊ माती, झऱ्याकाठचं दलदलीचं गवत, जेमतेम पाऊलभर रुंदी, ती तुम्हाला कितीही आवडत असली तरी प्रसिद्ध करू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. पाचदहा जणांनी वर्षभरात वापरलेली वाट आणि एका ओल्या रविवारी शंभर चाकांखालून गेलेली वाट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकदा चाकोरी पडली की पाणी तिच्यातूनच वाहतं, ती खोल करतं, मग लोक बाजूने जातात आणि वाट रुंदावत जाते. फाइल एकदा बाहेर गेली की ती परत घेता येत नाही. तुम्ही काढून टाकली तरी तिच्या नकला फिरतच राहतात.

त्यामुळेच फाइलच्या नावातच दिशा आणि तपासल्याची तारीख घाला, नुसतं मार्गाचं नाव पुरत नाही. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत शेवटचं प्रत्यक्ष कधी आणि कोणत्या हंगामात चालवलं ते लिहा. चालवून आलेल्यांनी पडलेलं झाड, नवं फाटक, वाहून गेलेला साकव कळवावा अशी एक जागा ठेवा, आणि आलेली दुरुस्ती त्याच आठवड्यात वर्णनात घाला. दोन वर्षांत कोणी तपासला नसेल असा मार्ग यादीतून काढून ठेवा आणि पुन्हा चालवून झाल्यावर परत लावा. तपासणीसाठी माणसं कमी पडत असतील तर मार्गाचे तुकडे करून वाटून द्या. २० किलोमीटरचा तुकडा नोंदी घेत फिरायला अर्धा दिवस पुरतो, आणि त्या कामाला आम्ही हजर आहोत.

आपले स्नेही,
याच वाटांवर सायकल चालवणारे आणि मार्ग तपासणारे काहीजण